नावाचं वजन

१९६४ साली मद्रासमधला एक बावीस वर्षांचा तरुण अहमदाबादला शिकायला गेला. लॉयोला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकून त्याने युनियन कार्बाइडमध्ये नोकरी केली होती. अहमदाबादेत जेमतेम तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या एका संस्थेत व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होत होता, आणि ही त्याची पहिलीच तुकडी होती. कल्पना करा! सल्ला विचारायला एकही माजी विद्यार्थी नाही. प्लेसमेंटचा आकडा नाही. कुठल्या क्रमवारीत नाव नाही, कारण बी-स्कूलची क्रमवारी लावायची पद्धत आपल्याकडे अजून जन्मालाच आली नव्हती. लाल विटांच्या ज्या भव्य कमानी आज त्या संस्थेची ओळख आहेत, त्या उभ्या राहायला अजून अवकाश होता.

तो तरुण म्हणजे सी. के. प्रल्हाद. पुढे मिशिगन विद्यापीठात शिकवणारे आणि जगभरच्या कंपन्या ज्यांचा सल्ला घेत, ते. आणि ती संस्था म्हणजे आयआयएम अहमदाबाद. आज तिथे जायचं तर कॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तीन लाखांच्या आसपास मुलं तिच्यासाठी नाव नोंदवतात आणि अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमात जागा असतात साधारण चारशे.

संस्था तीच. मग साठ वर्षांत त्या नावाला एवढं वजन आलं कुठून? ते इमारतीत आहे, पुस्तकांत आहे, प्राध्यापकांत आहे, की आणखी कुठे? दोन बी-स्कूलची प्रवेशपत्रं समोर ठेवून घरोघरी दर उन्हाळ्यात वाद होतात, त्यांत ‘नाव कुणाचं मोठं?’ हा प्रश्न येतोच. पण ही ‘नाव’ नावाची वस्तू तयार कशी होते, हे बघायला लागलं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात एका चमत्कारिक गोष्टीपासून करू. अर्ध्या शतकाहून अधिक काळ आयआयएम आपल्या विद्यार्थ्यांना पदवी देतच नव्हती! कायद्याने त्यांना तो अधिकारच नव्हता. दोन वर्षं रात्रीचा दिवस करून हातात पडायचा तो पदव्युत्तर डिप्लोमा. एमबीएची पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठांना होता. आयआयएमना तो मिळाला २०१७ च्या कायद्याने. म्हणजे सरकारी कागदाच्या भाषेत बोलायचं तर एखाद्या साध्या विद्यापीठाची एमबीए ही पदवी, आणि आयआयएम अहमदाबादचा कागद हा नुसता डिप्लोमा. पण नोकरीच्या बाजारात कुणी असा हिशेब केला? एकाही कंपनीने नाही. याचा अर्थ वजन कागदात नव्हतंच.

मग कशात होतं? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याचं एक उत्तर दिलं, आणि ते उत्तर आजही अंगावर येतं. कंपनीला समोरच्या उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. मुलाखतीच्या अर्ध्या तासात कुणाच्या डोक्यात काय आहे ते कसं कळणार? मग कंपनी अशी एखादी खूण शोधते, जी मिळवणं कुवत असलेल्याला त्या मानाने सोपं आणि नसलेल्याला फार अवघड असेल. अवघड प्रवेश असलेल्या कॉलेजचं प्रमाणपत्र ही तशी खूण. इथे स्पेन्स एक धाडसी गृहीतक धरतात: समजा, कॉलेजमध्ये काहीही शिकवलं जात नाही. शून्य. तरीसुद्धा त्या प्रमाणपत्राला किंमत राहते! कारण ते सांगतं की हा माणूस त्या दारातून आत जाऊ शकला.

आणि यावर कळस म्हणजे, पुढे १९९० ते १९९९ हेच स्पेन्स स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे डीन होते. प्रमाणपत्र नुसती खूण म्हणूनही चालू शकतं हे गणिताने मांडणाऱ्या माणसाने जगातल्या एका सर्वाधिक मागणी असलेल्या बी-स्कूलचा कारभार सांभाळला, आणि २००१ मध्ये अकरलॉफ व स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं.

ही नुसती कागदावरची कल्पना आहे का? लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँका, सल्लागार कंपन्या आणि वकिली कंपन्यांत माणसं निवडतात कशी, हे आत शिरून पाहिलं. निवडणाऱ्यांशी बोलताना त्यांना आढळलं की बड्या कॉलेजात काय शिकवलं जातं याचं त्या लोकांना फारसं कौतुक नाही. त्यांना कौतुक आहे ते तिथे प्रवेश मिळाल्याचं. रिव्हेरा स्वतः शिकवतात ते शिकागोजवळच्या केलॉग स्कूल ऑफ मॅनेजमेंटमध्ये. हे नाव लक्षात ठेवा. चेन्नईच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

खूण समजली. पण एका कॉलेजची खूण मोठी आणि शेजारच्याची लहान, हे ठरवतं कोण? चेन्नईच्या मैलापूरमध्ये शेजारी शेजारी दोन मेस आहेत असं समजा. दोन्हींचं सांबार सारखंच उत्तम. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं आणि सहज डावीकडे शिरलं. दुसऱ्याने बघितलं, डावीकडे माणूस बसलाय, उजवीकडे सामसूम, तोही डावीकडे. दुपारपर्यंत डावीकडे रांग आणि उजवीकडे रिकामी बाकं. आता तिसरी पायरी बघा: रांग आहे म्हणून डाव्या मेसला चांगला आचारी मिळतो, ताजी भाजी आधी तिथे जाते, आणि महिन्याभरात तिचं सांबार खरोखरच जास्त चांगलं होतं! सुरुवातीचा फरक योगायोगाचा होता, पण शेवटचा फरक खरा आहे.

बी-स्कूलचं असंच होतं. चांगले विद्यार्थी येतात म्हणून कंपन्या येतात, कंपन्या येतात म्हणून आणखी चांगले विद्यार्थी येतात, आणि ते येतात म्हणून चांगल्या प्राध्यापकांना तिथे शिकवावंसं वाटतं. अहमदाबादला पहिला धक्का देणारे हात अर्थातच बळकट होते. विक्रम साराभाईंची दृष्टी, कस्तुरभाई लालभाईंसारख्या उद्योगपतींचा पाठिंबा, फोर्ड फाउंडेशनचा पैसा आणि हार्वर्डशी करार. हार्वर्डचं नाव उसनं मिळालं आणि त्या उसन्या भांडवलावर चक्र फिरायला लागलं. ते पुढे फिरत ठेवलं ते प्रल्हादांसारख्या विद्यार्थ्यांनी. विद्यार्थ्याला वाटतं, मी कॉलेजकडून नाव घेतोय. प्रत्यक्षात पहिल्या तुकड्या नाव देत असतात आणि नंतरच्या तुकड्या ते वापरत असतात.

आपल्या मुंबईत नुकताच एक असा प्रयोग झाला की कुणा संशोधकाला ठरवूनही जमला नसता. पवईला १९६३ पासून ‘नीटी’ ही संस्था होती. औद्योगिक अभियांत्रिकी आणि कारखान्यांचं व्यवस्थापन शिकवणारी, जाणकारांत भरपूर मान असलेली, पण नातेवाइकांना समजावून सांगावी लागणारी. २०२३ साली संसदेने आयआयएम कायद्यात दुरुस्ती केली आणि नीटीचं नाव झालं आयआयएम मुंबई. टेकडी तीच, वर्ग तेच, प्राध्यापक तेच. आणि तरी पुढच्या हंगामात अर्ज भरणाऱ्या मुलीच्या आईने मात्र ते नाव वेगळ्या स्वरात उच्चारलं असणार. नुसती तीन आद्याक्षरं, आणि त्यांच्यामागे अहमदाबाद, कोलकाता आणि बंगळुरूच्या पन्नास-साठ वर्षांच्या तुकड्यांनी साठवलेला विश्वास! आता पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिथे येणारी मुलं खरोखर बदलतील का, कंपन्या बदलतील का, हे बघणं फार रंजक ठरणार आहे.

आता चेन्नईला जाऊ, कारण नाव तयार कसं होतं हे बघायला याहून छान शहर नाही. एवढं जुनं, एवढं शिक्षणवेडं महानगर. १८५७ साली मुंबईबरोबरच विद्यापीठ मिळालेलं. पण त्याला स्वतःचं आयआयएम नाही. तमिळनाडूच्या वाट्याचं आयआयएम २०११ मध्ये आलं ते तिरुचिरापल्लीला. मग चेन्नईतल्या संस्थांनी नाव आणलं कुठून? प्रत्येकीने वेगळीकडून.

नुंगंबाक्कमला लॉयोला कॉलेज आहे, जेझुइट पाद्र्यांनी १९२५ मध्ये काढलेलं. प्रल्हाद शिकले तेच. १९७९ साली त्याच आवारात लॉयोला इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन सुरू झालं, ज्याला सगळे ‘लिबा’ म्हणतात. त्याला नाव मिळालं ते वारशाने. गिंडीच्या जंगलात, हरणं फिरतात त्या आवारात, आयआयटी मद्रासचा व्यवस्थापन विभाग आहे. आयआयटी मद्रास २०१९ पासून एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या सर्वसाधारण यादीत सतत पहिली आहे, आणि तिच्या अभियांत्रिकीचा दबदबा एमबीएच्या विद्यार्थ्यालाही आपोआप मिळतो. वर्ग वेगळे, विषय वेगळे, पण प्रमाणपत्रावरचं बोधचिन्ह एकच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. बाला बालचंद्रन हे तमिळ प्राध्यापक १९७३ पासून केलॉगमध्ये शिकवत होते. २००४ साली त्यांनी चेन्नईत ग्रेट लेक्स इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट काढलं. बंगालच्या उपसागराच्या काठावर, आणि नाव अमेरिकेतल्या विशाल सरोवरांचं! कारण केलॉग त्यांतल्याच मिशिगन सरोवराच्या काठी आहे. पुढे महाबलीपुरमजवळ मणमई गावात त्याचं आवार उभं राहिलं. एका वर्षाचा अभ्यासक्रम, कामाचा अनुभव असलेले विद्यार्थी, परदेशातून शिकवायला येणारे प्राध्यापक. फिलिप कोटलर यांचं नाव तिथल्या मार्केटिंग संशोधन केंद्राला आहे, आणि कोटलर म्हणजे पुन्हा केलॉगच. जे अहमदाबादने हार्वर्डकडून करारातून आणलं, ते एका माणसाने आपल्या तीस वर्षांच्या ओळखींच्या जोरावर आणलं.

केलॉगमध्ये असताना बालचंद्रन यांनी नाव तयार होण्याचा एक अद्भुत नमुना जवळून पाहिला होता. १९८८ सालापर्यंत बी-स्कूलच्या याद्या बहुतेक डीन आणि प्राध्यापकांच्या मतांवर निघत. त्यात हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड वर असणार हे ठरलेलं. त्या वर्षी ‘बिझनेसवीक’ साप्ताहिकाने वेगळं केलं: नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना विचारलं आणि त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांना विचारलं. पहिलं कोण आलं? केलॉग! सगळं अमेरिकी शिक्षणविश्व अवाक झालं. केलॉगचे डीन डोनाल्ड जेकब्ज यांनी आधीची कितीतरी वर्षं गटाने काम करण्यावर आणि प्रत्येक अर्जदाराची मुलाखत घेण्यावर भर दिला होता. तो भर त्या दोघांच्या उत्तरांत दिसला. शाळा एका रात्रीत बदलली नव्हती, विचारणाऱ्यांनी प्रश्न बदलला होता.

प्रश्न बदलला की क्रमांक बदलतो, हे एकदा ध्यानात आलं की याद्या वाचण्याची नजरच पालटते. आपल्याकडच्या एनआयआरएफचं गणित बघा. व्यवस्थापन संस्थांसाठी अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि ‘परसेप्शन’ला, म्हणजे लोकांच्या मनातल्या प्रतिमेला, १०. ही शेवटची दहा टक्क्यांची गंमत समजून घ्या. जाणकारांना विचारायचं, तुम्हाला कुठली संस्था चांगली वाटते? त्यांना ती चांगली वाटते याचं एक कारण म्हणजे मागच्या वर्षीची यादी! आरसा आपलंच प्रतिबिंब मोजतोय. आणि संशोधनाला तीस टक्के वजन असेल, तर फारसं संशोधन न करता अप्रतिम शिकवणारी संस्था खाली दिसणारच. तुम्हाला शोधनिबंध लिहायचे नसतील, तर त्या तीस टक्क्यांशी तुमचा संबंध किती?

नाव उलट दिशेने वाहतं याचं सर्वांत देखणं उदाहरणही चेन्नईचंच आहे. इंद्रा नूयी १९५५ साली मद्रासमध्ये जन्मल्या, मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकल्या, १९७६ मध्ये आयआयएम कलकत्त्यातून बाहेर पडल्या. दोन वर्षं नोकरी करून १९७८ मध्ये त्या येलला गेल्या. आज येल म्हटलं की डोळे विस्फारतात. पण येलचं व्यवस्थापन विद्यालय त्या वेळी किती जुनं होतं? दोन वर्षांचं! त्याची पदवीही नेहमीची एमबीए नव्हती, सार्वजनिक आणि खासगी व्यवस्थापनाची अशी वेगळीच होती. २००६ मध्ये नूयी पेप्सिकोच्या प्रमुख झाल्या. आणि २०१६ पासून त्या विद्यालयाच्या डीनपदालाच त्यांचं नाव आहे, कारण त्यांनी त्यासाठी देणगी दिली. आज येलचा डीन आपल्या पदाच्या नावात मद्रासच्या मुलीचं नाव लिहितो.

अर्थात इथे सावध व्हायला हवं. प्रल्हाद आणि नूयी आपल्याला आठवतात, कारण ते मोठे झाले. नवख्या संस्थेत गेलेले आणि नंतर कुठे दिसले नाहीत असेही असणार, त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. म्हणून गोष्टी बाजूला ठेवू आणि मोजमापाकडे वळू.

पण मोजायचं कसं? मोठ्या कॉलेजातली मुलं जास्त कमावतात, हे दिसतंच. पण ती मुळातच हुशार होती म्हणून कमावतात, की कॉलेजच्या नावामुळे? यासाठी संशोधकांनी एक सुंदर युक्ती काढली. कट-ऑफच्या रेषेजवळ उभं राहायचं. एका मुलाला रेषेपेक्षा एक गुण जास्त, दुसऱ्याला एक कमी. हुशारी सारखीच, पण एक आत आणि एक बाहेर. नशिबाने करून ठेवलेला प्रयोग!

शीतल सेखरी यांनी भारतातल्या प्रतिष्ठित सरकारी महाविद्यालयांवर हेच केलं. त्यांचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ती बी-स्कूल नव्हती, साधी पदवी महाविद्यालयं होती. जेमतेम आत गेलेल्यांचा पगार जेमतेम हुकलेल्यांपेक्षा जास्त निघाला. पण शेवटच्या परीक्षेतले गुण? त्यांत फरक नाही. जास्तीचं काही शिकल्याचं दिसत नाही, तरी पगार जास्त. पन्नास वर्षांपूर्वी स्पेन्स म्हणाले तेच आपल्या मातीत सापडलं.

मग नाव म्हणजे सर्व काही? थांबा. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतले असे विद्यार्थी शोधले, ज्यांनी सारख्याच कॉलेजांत अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते, पण काही जण बड्या कॉलेजात गेले, काही साध्या. पुढे पगारात फरक जवळजवळ नाही! अपवाद मात्र होता: गरीब घरातल्या मुलांना बड्या कॉलेजाचा फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बड्या कॉलेजांच्या प्रतीक्षायादीवरून आत गेलेल्या आणि हुकलेल्या मुलांचा माग काढला. सरासरी उत्पन्नात फारसा फरक नाही, पण सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट, आणि नामांकित कंपनीत काम मिळण्याची तर जवळपास तिप्पट. म्हणजे नाव सगळ्यांना थोडंथोडं वर उचलत नाही. ते काही थोड्यांना फार वर नेतं.

कुणाला? इथे चिली देशातला अभ्यास हृदयात रुतून बसतो. सेथ झिमरमन यांनी तिथल्या दोन सर्वांत मानाच्या विद्यापीठांतले बिझनेसकडे नेणारे अभ्यासक्रम तपासले, पुन्हा कट-ऑफच्या रेषेवर उभं राहून. आत गेलेल्यांना कंपन्यांची मोठी पदं ४४ टक्क्यांनी जास्त मिळाली. पण त्या फायद्याची फोड केली तेव्हा दिसलं की तो जवळजवळ सगळा महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांचा होता. मुलींना आणि साध्या शाळांतल्या मुलांना, तेवढेच गुण असूनही, शून्य. वर्ग एकच, बाक एकच. पण वरच्या खुर्च्या वाटल्या गेल्या त्या जुन्या ओळखींच्या वर्तुळात.

अमेरिकेत साध्या घरातल्यांना फायदा आणि चिलीत शून्य, हे एकमेकांच्या विरुद्ध वाटतं. मला यातून असं दिसतं की नाव दोन वेगवेगळी कामं करतं. ते पहिलं दार उघडतं, आणि ज्याच्या घरात दुसरं कुठलंच दार नाही त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण आत गेल्यावर ओळखींचं जाळं आपोआप मिळत नाही. ते स्वतः विणावं लागतं, आणि लातूर किंवा बेळगावहून आलेल्या मुलीला ते जास्त मेहनतीने विणावं लागतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता त्या दोन प्रवेशपत्रांकडे येऊ. एक ग्रेट लेक्सचं आणि एक मुंबईच्या कुठल्या संस्थेचं, किंवा एक लिबाचं आणि एक नव्या आयआयएमचं. नावाला किती वजन द्यायचं? याचं उत्तर शोधण्याची एक देखणी रीत ख्रिस्तोफर एव्हरी, कॅरोलिन हॉक्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, आणि आनंद, प्रज्ञानंद आणि गुकेशच्या शहराला ती लगेच समजेल, कारण ती बुद्धिबळातून आली आहे. एका मुलीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला आणि तिने एक निवडलं, की त्या दोन कॉलेजांमध्ये एक डाव झाला असं मानायचं. निवडलेलं जिंकलं, सोडलेलं हरलं. हजारो मुलांचे असे डाव मांडले की बुद्धिबळपटूंना असतं तसं प्रत्येक कॉलेजचं रेटिंग निघतं! कुणाचं मत विचारायचं नाही, जाहिरात वाचायची नाही. मुलांनी पाय कुठे वळवले ते फक्त बघायचं.

आणि बुद्धिबळाचं रेटिंग आपल्याला फार मोलाचं काही सांगतं. दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याला अपेक्षित गुण शंभरात सुमारे ९१. दोनशेंचा असेल तर ७६. पण फरक दहाच गुणांचा असेल तर? ५१. छापा-काटाच! यादीत मात्र त्यांतला एक अकरावा आणि दुसरा बारावा दिसतो, आणि घरात त्या एका आकड्यावरून रात्री जागतात.

म्हणून वजन पायरीला द्यावं, क्रमांकाला देऊ नये. पायरी ओळखायची कशी? ज्यांना दोन्ही पत्रं आली होती अशा मागच्या तुकडीतल्या मुलांनी काय केलं ते विचारा. दहापैकी नऊ जण एकीकडे गेले असतील तर ती खरी पायरी आहे, आणि तिच्यासाठी कर्ज काढणं शहाणपणाचं असू शकतं. सहा एकीकडे आणि चार दुसरीकडे असतील तर दोन्ही एकाच पायरीवर आहेत. मग हिशेब दुसराच सुरू होतो. फीमध्ये दहा लाखांचा फरक म्हणजे दहा टक्के व्याजाने दहा वर्षं दरमहा सुमारे १३,२०० रुपयांचा जास्तीचा हप्ता. एका क्रमांकासाठी एवढं मोजायचं का?

नावाला स्वतःचा परिसर असतो, हेही बघा. चर्चगेटजवळची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. मुंबई विद्यापीठाचा विभाग, छोटी तुकडी, भव्य आवार वगैरे काही नाही, फी आयआयएमच्या मानाने कितीतरी कमी. पण मुंबईच्या बँकिंग आणि मार्केटिंगच्या जगात तिचा शब्द चालतो. उदय कोटक तिथलेच. मनुष्यबळ व्यवस्थापनात जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचं नाव पहिल्या श्वासात येतं. श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या मोटार कारखान्यांत, मुरुगप्पा किंवा टीव्हीएससारख्या उद्योगसमूहांत काम करायचं असेल, तर तिथे ज्यांचे माजी विद्यार्थी वर्षानुवर्षं बसलेत त्या चेन्नईच्या संस्थेचं वजन राष्ट्रीय यादी दाखवते त्याहून जास्त असू शकतं. कुठल्या उद्योगात, कुठल्या शहरात, हे ठरवल्याशिवाय ‘नाव मोठं कुणाचं’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

आणि ‘सरासरी पॅकेज’ या शब्दापुढे क्षणभर थांबा. शंभर मुलांची तुकडी घ्या. नव्व्याण्णव जणांना वीस-वीस लाख, एकाला परदेशातलं एक कोटी वीस लाखांचं. सरासरी झाली एकवीस लाख! एका मुलाने सगळ्या तुकडीचा आकडा एक लाखाने वर नेला, आणि तो आकडा एकाही मुलाचा पगार नाही. रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार, म्हणजे मीडियन, वीसच राहिला. तोच बघायचा.

तुमच्या घरात या उन्हाळ्यात अशी दोन पत्रं येणार असतील, तर फी भरण्याआधी दोन्ही संस्थांना एकच ईमेल पाठवा. त्रयस्थ लेखापरीक्षकाने तपासलेला प्लेसमेंट अहवाल मागा, त्यात मीडियन पगार आणि किती मुलांनी प्लेसमेंटमध्ये भागच घेतला नाही हा आकडा मागा. तुमच्यासारख्याच शाळेतून, तुमच्याएवढाच अनुभव घेऊन आलेल्या मागच्या तुकडीतल्या तिघांशी बोलायची सोय करून द्या म्हणा. जी संस्था हे दोन दिवसांत पाठवेल, तिचं पत्र वर ठेवा.